नाव नसलेले चेहरे : प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

२ जून

पेटी आज पोचली. एका संग्राहकाने प्रदर्शनासाठी उसने दिलेले ४६ फोटो, सगळे १९व्या शतकातले, सगळे युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओत बसून काढून घेतलेले. दुपारभर एकेक कागदातून सोडवत होते. संध्याकाळी सगळे टेबलावर मांडले तेव्हा लक्षात आलं, की २१ कार्डांच्या पाठीवर फोटोग्राफरचं नाव-पत्ता ठळक छापलेला आहे आणि समोर बसलेल्या माणसाचं नाव एकावरही नाही.

माझं काम चिठ्ठ्यांचं. प्रत्येक फोटोखाली जास्तीत जास्त ६० शब्द. संग्राहकाने आधीच्या कुणीतरी लिहिलेल्या चिठ्ठ्याही पाठवल्यात : ‘उदास तरुणी’, ‘कठोर पिता’, ‘शोकमग्न विधवा’, ‘मृत बालक’. वाचून मन खट्टू झालं. ज्यांचं नावही आपल्यापर्यंत पोचलं नाही, त्यांचं मन मात्र आपण ओळखलं असं ठरवून टाकायचं? नियम केला : फोटोत जे दिसतं आणि जे तपासता येतं, तेवढंच चिठ्ठीत येईल.

४ जून

वर्गवारी. डागेरोटाइप ३, अँब्रोटाइप ५, टिनटाइप ८, कार्त-द-व्हिझीत (पुठ्ठ्यावर चिकटवलेले छोटे कागदी फोटो) २६, कॅबिनेट कार्डं (तशीच, पण मोठी) ४.

यादीत अँब्रोटाइप ७ होते. डबीत बसवलेले असले की काचेवरचा अँब्रोटाइप आणि पत्र्यावरचा टिनटाइप नुसत्या नजरेला सारखेच वाटतात. चुंबक जवळ नेऊन पाहिला, दोन डब्यांपाशी ओढ जाणवली. टिनटाइपच्या नावात कथील आहे, पण पत्रा लोखंडाचा असतो. ते दोन हलवले.

डागेरोटाइप ओळखायला चुंबक लागत नाही. हातात धरून कलता केला की माणूस दिसता दिसता उलटा होतो, काळ्याचं पांढरं होतं, आणि आणखी थोडा कलवला की स्वतःचाच चेहरा समोर येतो. चांदीचा आरसाच तो. पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, पुसायचं तर अजिबातच नाही. एकाच्या कडेने निळसर-तपकिरी डागाळ वलय आत सरकलंय. ते तसंच राहू द्यायचं.

९ जून

आज तीन डागेरोटाइपच्या चिठ्ठ्यांसाठी मागचा इतिहास जुळवला.

७ जानेवारी १८३९ ला फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत आरागो या शास्त्रज्ञाने डागेरच्या शोधाची घोषणा केली, १९ ऑगस्टला कृती जाहीर झाली. सरकारने डागेरला वर्षाला ६,००० फ्रँक आणि त्याचा मृत भागीदार न्येप्स याच्या मुलाला ४,००० फ्रँक पेन्शन दिली. कृती अशी : तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, तो आरशासारखा घासायचा, आयोडिनच्या वाफेवर धरायचा, कॅमेऱ्यात प्रकाश द्यायचा, मग पाऱ्याच्या वाफेने चित्र वर आणायचं आणि हायपो या रसायनाने पक्कं करायचं.

पण या कृतीत माणूस बसत नव्हता. भर उन्हातही कित्येक मिनिटं लागायची. इमारती आणि पुतळे थांबतात, माणूस थांबत नाही. तरी पहिल्यापासून लोकांना हवा होता तो चेहराच. म्हणून पुढची दोन वर्षं सगळी धडपड वेळ कमी करण्याची होती, आणि मला हा या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, कारण तीन ठिकाणची माणसं तीन बाजूंनी एकाच अडचणीला भिडली होती. न्यू यॉर्कमध्ये अलेक्झांडर वॉलकॉटने भिंगच काढून टाकलं आणि अंतर्वक्र आरशाचा कॅमेरा केला. १८४० मध्ये त्याने त्यावर स्टुडिओ चालवला. लंडनमध्ये जॉन गॉडार्डने आयोडिनच्या जोडीला ब्रोमिन वापरून पत्रा जास्त संवेदनशील केला. आणि व्हिएन्नात योझेफ पेत्झवाल या गणिताच्या प्राध्यापकाने कागदावर आकडेमोड करून व्यक्तिचित्रांसाठी भिंग आखलं. एफ ३.६ चं, म्हणजे मोठ्या तोंडाचं, हे भिंग आधीच्या भिंगांच्या सुमारे १६ पट प्रकाश आत घेत असे. १८४१-४२ पर्यंत चांगल्या उजेडात काम मिनिटाच्या आत आलं.

पेत्झवालच्या भिंगाची खूण आपल्या पेटीतही सापडते. मधला चेहरा धारदार, आणि कडेला जाता जाता खांदे, खुर्चीचे हात मऊ होत जातात. आपण त्याला आज ‘जुन्या फोटोचा भाव’ म्हणतो. खरं तर त्या भिंगातून चित्र ज्या प्रतलावर धारदार उमटतं, ते प्रतलच वाकलेलं आहे.

२३ मार्च १८४१ ला रिचर्ड बिअर्डने लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनच्या गच्चीवर इंग्लंडमधला पहिला सार्वजनिक स्टुडिओ उघडला. वर काचेचं छप्पर, आणि काच निळी. निळी का, ते २० तारखेच्या प्रयोगानंतर लिहीन.

डागेरोटाइप क्र. २ मधल्या माणसाच्या कोटाची बटणं उलट्या बाजूला आहेत. आधीच्या चिठ्ठीत ‘स्त्रीने बेतलेला कोट?’ असं प्रश्नचिन्ह होतं. प्रश्नच नाही, आरशातलं चित्र आहे, डावं-उजवं बदललेलं. चिठ्ठीत एक ओळ टाकली.

१३ जून

‘मृत बालक’ आणि ‘उभा केलेला मृत तरुण’ या दोन चिठ्ठ्यांवर पूर्ण दिवस गेला.

तरुणाचं कार्ड क्र. १९. भिंगातून पाहिलं तर त्याच्या बुटांमागे लोखंडी बैठकीचे दोन पाय दिसतात. यावरून ‘मृतदेह दांडीला बांधून उभा केला’ अशी गोष्ट रचली गेली होती. ही गोष्ट इतक्या ठिकाणी वाचायला मिळते की मीही तिच्यावर विश्वास ठेवून होते, आणि प्रदर्शनाच्या पहिल्या आराखड्यात मी स्वतः या कार्डाला ‘मृत्यू’ विभागात घातलं होतं. चूक माझी.

तो डोक्याचा टेकू आहे. जड बैठक, वर-खाली होणारी दांडी, टोकाला दोन बोटांसारखा चिमटा, जो मानेमागे कवटीच्या तळाशी येतो. त्याचं काम डोकं डुलू न देणं. माणसाचं वजन तो पेलत नाही, निर्जीव शरीराचं तर मुळीच नाही. टेकू दिसला, याचा अर्थ समोरचा माणूस जिवंत होता आणि हलण्याची शक्यता होती.

मृतांचे फोटो काढले जात, हे खरं. तान्ही मुलं फार दगावत, आणि पुष्कळदा तो त्या मुलाचा पहिला आणि शेवटचा फोटो असे. पण ती मुलं बहुतेकदा निजवलेली असतात, पाळण्यात, पलंगावर, आईबापाच्या मांडीवर. ती जिवंत भासवण्याचा आटापिटा सहसा कुणी करत नसे. आपल्या ‘मृत बालका’चा डावा हात धुरकट आहे, हललाय. झोप लागलेलं, हात हलवणारं मूल. चिठ्ठी बदलली : ‘झोपलेलं मूल. डावा हात हलल्यामुळे पुसट.’

दोन्ही फोटो ‘मृत्यू’ विभागातून काढल्यावर त्या विभागात एकच उरला. विभाग रद्द. तो एक फोटो कुटुंबाच्या फोटोंमध्येच लावेन. त्याची जागा तिथेच होती.

१५ जून

बसून पाहिल्याशिवाय बसणाऱ्यांबद्दल लिहायचं नाही, म्हणून आज प्रयोग. उत्तरेच्या खिडकीशी खुर्ची, डिजिटल कॅमेरा, प्रकाश कमी करणारी काळी गाळणी लावून उघडझाप २० सेकंदांची. सहकारी कॅमेऱ्यामागे, मी खुर्चीत.

पहिला फोटो : टेकूविना. मला वाटलं मी दगडासारखी बसले होते. फोटोत नाकाला दोन कडा, कान म्हणजे डाग.

दुसरा : टेकूसह (माइकच्या स्टँडला लाकडी कंस बांधला). कान धारदार. मानेमागे थंड लाकूड लागलं की एक विचित्र आधार वाटतो, आपण कुणाच्या तरी हातात आहोत असा. पण छाती श्वासाने हललीच, गळ्याजवळची बटणं विरघळली.

तिसरा : हसून. पहिली काही सेकंदं खरं हसू. आठव्या सेकंदाच्या आसपास गाल थरथरायला लागले. मग मी हसत नव्हते, हसण्याची जागा धरून ठेवत होते. फोटोत ओठांच्या जागी राखाडी फरकाटा.

चौथा : हात मोकळे मांडीवर. सगळ्यात जास्त हलले ते हात. मग पाचव्यात एक हात पुस्तकावर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर ठेवला, आणि दोन्ही स्वच्छ आले.

हा पाचवा फोटो पाहून मी बराच वेळ गप्प बसले. पेटीतल्या २६ कार्डांपैकी ११ जणांचा हात पुस्तकावर आहे, सातांचा खुर्चीवर. आपण पुस्तक म्हणजे शिक्षण, खुर्ची म्हणजे प्रतिष्ठा असं वाचतो. तसं असेलही. पण आधी ते हाताला टेकू आहेत.

पापण्यांचं कौतुक वाटलं. मी पाचही वेळा पापण्या मिटल्या, एकाही फोटोत दिसत नाही. वीस सेकंदांत पापणीची झाप इतकी अल्प असते की तिची नोंदच होत नाही. फक्त डोळे किंचित फिके येतात.

१६ जून

हसण्याबद्दल थोडं आणखी, कारण प्रदर्शनात प्रत्येक जण हेच विचारणार. वेळ लागायचा हे कारण अपुरं आहे. १८६०च्या दशकात चांगल्या उजेडाच्या स्टुडिओत काही सेकंदांत काम होई, तरी हसणारं क्वचितच कुणी दिसतं. दात खराब होते हे कारण मला लंगडं वाटतं. सगळ्यांचेच खराब असताना त्याची लाज कोणाला? माझं मत असं, की हे लोक आपलं रंगवलेलं चित्र काढून घेत होते, फक्त रंगाऐवजी उजेडाने. शतकानुशतकं रंगवलेल्या चित्रात बसायचं तर गंभीर बसायचं असा रिवाज होता. आणि अनेकांसाठी तो आयुष्यातला एकुलता एक फोटो. त्यात आपण कसं उरावं हे त्यांनी ठरवलं होतं. ‘कठोर पिता’ ही चिठ्ठी फाडली.

२० जून

निळ्या रंगाचा प्रयोग. त्या काळची रसायनं जवळजवळ फक्त निळा आणि जांभळ्यापलीकडचा प्रकाश ‘पाहत’, लाल-पिवळा त्यांना अंधारच. डिजिटल फोटोतला फक्त निळा भाग ठेवला की साधारण तसं दिसतं.

माझा लाल स्वेटर जवळजवळ काळा झाला. फिकट निळा रुमाल पांढरा. गालावरचे डाग, जे आरशात मला दिसत नाहीत, ते शिंतोड्यांसारखे उमटले. सहकाऱ्याचे निळसर-करडे डोळे भुताटकीसारखे फिके.

आता बिअर्डच्या गच्चीवरची निळी काच कळली. काचेतून पत्र्याला हवा तो प्रकाश पूर्ण मिळे, आणि बसलेल्याच्या डोळ्यांवरचा लखलखाट कमी होई. माणसाला आराम, पत्र्याला पोटभर उजेड.

आणि याच उजेडात ‘शोकमग्न विधवा’ (क्र. ३१) पुन्हा पाहिली. तिचा काळा पोशाख लाल असू शकतो, गडद हिरवा असू शकतो. सुतकाचं क्रेप कापड मंद, सुरकुतलेलं दिसतं. हिच्या बाहीवर रेशमाची चमक आहे. नवीन चिठ्ठी : ‘चमकदार रेशमी पोशाख. फोटोत काळा दिसतो; प्रत्यक्षात लालही असू शकेल.’ एका बाईचं वैधव्य आज मी काढून घेतलं. बरं वाटलं.

याच गोष्टीची दुसरी बाजू सुखाची नाही. गोऱ्या चेहऱ्याच्या आणि पांढऱ्या कॉलरच्या हिशेबाने वेळ मोजली की काळ्या माणसाच्या चेहऱ्यातले बारकावे अंधारात बुडतात. फोटोग्राफरने मुद्दाम जास्त वेळ, जास्त उजेड दिला तरच ते उमटतात. पेटीत काळ्या माणसांचे तीन फोटो आहेत. दोन बुडालेले. एक, टिनटाइप क्र. १२, अप्रतिम : कपाळावरचा उजेड, गालाची ठेवण, मिशांचा एकेक केस. त्याच्यासाठी कुणीतरी वेळ मोजली होती.

२७ जून

कार्डांचा दिवस. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या कलोडियनची (काचेवर ओतायच्या चिकट द्रवाची) कृती प्रसिद्ध केली आणि पेटंट घेतलं नाही. काचेची निगेटिव्ह, तिच्यावरून कागदावर हव्या तितक्या प्रती. काच ओली असेपर्यंतच, म्हणजे दहा-एक मिनिटांत, सगळं उरकायचं. १८५७ मध्ये तो गरिबीतच वारला. ज्यांची दुकानं त्याच्या कृतीवर उभी राहिली, त्या हजारोंची नावं कार्डांवर छापलेली आहेत.

नोव्हेंबर १८५४ मध्ये पॅरिसमध्ये दिस्देरी या फोटोग्राफरने एका काचेवर अनेक छोटे फोटो घेण्याचं पेटंट घेतलं. पुढे चार भिंगांच्या कॅमेऱ्याने एका काचेवर आठ फोटो येऊ लागले. एका काचेचे श्रम, आठ कार्डं. साधारण अडीच बाय चार इंचांचा पुठ्ठा, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याने लेपलेला पातळ कागद. डागेरोटाइप एकच असे, डबीत बंद. कार्ड वाटता येई. १८६० मध्ये लंडनचा फोटोग्राफर मेयॉल याने राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाची कार्डं विकायला काढली, आणि घरच्या आल्बममध्ये मावशीच्या शेजारच्या खिडकीत राणी येऊन बसली, त्याच मापाची, तशाच खुर्चीशी.

दोन कार्डांच्या पाठीवर तिकीट! अमेरिकेत यादवी युद्धाच्या खर्चासाठी फोटोंवर कर होता, १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात. २५ सेंटपर्यंतच्या फोटोला २ सेंट, ५० पर्यंत ३, एक डॉलरपर्यंत ५. माझ्याकडे एक दोनचं, एक तीनचं, तीनच्यावर शाईने केलेली फुली. म्हणजे क्र. ८ मधल्या दोन बहिणींनी (बहिणी? नियम! ‘दोन मुलींनी’) २५ सेंटहून जास्त दिले. तारीख आणि किंमत, दोन्ही पाठीवर.

अनेक पाठींवर एक ओळ छापलेली आहे : निगेटिव्ह जपून ठेवली आहे, केव्हाही प्रती मिळतील. ही ओळ वाचून थांबायला होतं. आपला चेहरा कायमचा दुसऱ्याच्या कपाटात ठेवून घरी जायची सवय इथे लागली.

२ जुलै

पडदे आणि सामान. रंगवलेली बाग, कठडा, खांब. क्र. २२ मधला संगमरवरी खांब गालिच्यावर उभा आहे. पाच कार्डांवर तोच खांब, तोच गालिचा, तोच फोटोग्राफर, वेगवेगळी माणसं. ही पाचही एका ओळीत लावणार. चिठ्ठी एकच : ‘एक खांब, पाच जण.’

६ जुलै

भिंतीवरच्या मोठ्या मजकुराचा मसुदा. आज तीनच गोष्टी लिहिल्या, पण त्यांना पूर्ण दिवस लागला.

फ्रेडरिक डग्लस, गुलामीविरोधी चळवळीतला अमेरिकन वक्ता. १८३८ मध्ये गुलामीतून निसटला. त्याचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो आज ज्ञात आहेत, १९व्या शतकातल्या कुठल्याही अमेरिकन माणसापेक्षा जास्त. हसत नाही, कॅमेऱ्याकडे रोखून पाहतो. काळ्या माणसाची जी व्यंगचित्रं छापली जात होती, त्यांना उत्तर म्हणून तो पुन्हा पुन्हा स्टुडिओत जाऊन बसला. फोटोग्राफीवर त्याने व्याख्यानं दिली.

सोजर्नर ट्रुथ, त्याच चळवळीतली, पूर्वी गुलाम असलेली स्त्री. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने आपली कार्डं विकून चळवळीचा आणि स्वतःचा खर्च चालवला. कार्डावर छापलेलं असे : मूळ देह तगावा म्हणून मी ही सावली विकते. १८६४ मध्ये तिने कॉपीराइटही स्वतःच्या नावावर घेतला. त्या काळी हक्क फोटोग्राफरने घ्यायचा असा रिवाज होता. जिला कधीकाळी दुसऱ्यांनी विकलं होतं, ती आता स्वतःची प्रतिमा स्वतः विकत होती.

आणि तिसरी, जी लिहिताना हात अडखळला. मार्च १८५० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया इथे जे. टी. झीली या फोटोग्राफरने गुलाम स्त्री-पुरुषांचे डागेरोटाइप काढले, लुई आगासी या शास्त्रज्ञाच्या मागणीवरून. वंशाचे ‘नमुने’ म्हणून, कपडे उतरवायला लावून. १९७६ मध्ये ते हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाच्या माळ्यावर सापडले. २०२५ मध्ये ते चार्ल्सटनच्या आंतरराष्ट्रीय आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवण्याचं ठरलं. तोच पत्रा, तोच पारा, तसाच कॅमेरा. ते फोटो आम्ही दाखवणार नाही.

त्यांच्यासोबतच्या चिठ्ठ्यांवर नावं आहेत : रेंटी, डीलिया आणि इतर. कुणाचं मूळ कुठलं, कोण कोणाच्या मालकीचं, तेही. माझ्या पेटीत नाव एकही नाही, पण तान्ही मुलं आणि तो एक मृत सोडले तर हे लोक स्वतःच्या पायांनी आले, कपडे निवडले, हात कुठे ठेवायचा ते ठरवलं. आजवर मला वाटत होतं की नाव नसणं हेच मोठं नुकसान. आता तसं वाटत नाही. भिंतीवर लिहिलं : ‘फोटो पाहताना आधी विचारा, बसायचं कुणी ठरवलं?’

११ जुलै

क्र. २७, टिनटाइप. तान्हं मूल एका फुलाफुलांच्या कापडाने झाकलेल्या खुर्चीत. खुर्चीला गुडघे आहेत. कापडाच्या कडेतून एक हात, मुलाच्या कमरेवर घट्ट. बहुधा आई, चिठ्ठीत ‘मोठं माणूस’ लिहिलं. मूल स्थिर ठेवायला असं करत आणि चौकटीच्या कडेने ती व्यक्ती झाकली जाई. मूळ चौकट हरवल्याने ती आज आपल्याला दिसते.

१५ जुलै

उजेडाची मांडणी. अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याने लेपलेल्या) कागदासाठी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर जायचं नाही. डागेरोटाइपसमोर पाहणाऱ्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, म्हणून समोरच्या भिंतीला काळं कापड लावलं. तरी दिवा बाजूने आणि थोडा खालून ठेवल्यावरच चेहरे नीट उभे राहिले. क्र. ३ मुलांच्या उंचीवर ठेवला.

१८ जुलै

शेवटची चिठ्ठी राहिली होती, डागेरोटाइप क्र. १. साधारण चाळिशीतली बाई, मांडीवर उघडी डबी, ती आपल्या दिशेने धरलेली. डबीत आणखी एक फोटो. दूर असलेल्या किंवा गेलेल्या माणसाला असं सोबत घेऊन बसत. सर्वांत मोठ्या भिंगातून, वेगवेगळ्या कलाने, तासभर पाहिलं. डबीतला पत्रा आरशासारखा चमकलाय, उजेडाचा एक पांढरा ठिपका, चेहरा नाही. तिच्या अंगठ्याखाली डबीची कड मात्र स्पष्ट आहे. नख दाबून पांढरं झालंय, इतक्या जोरात धरलीय.

चिठ्ठी : ‘बसलेली स्त्री, हातात दुसऱ्या कुणाचा फोटो. तिने तो आपल्याला दिसावा असा धरला आहे.’

छापायला दिली.